पाहुण्यांची मैफल आणि घरचा बँड

मुंबईत पूर्वी जॅझ ऐकलेला माणूस भेटला की तो पाहुण्यांबद्दल बोलू लागतो. १९५८ साली डेव्ह ब्रुबेक आला होता, १९६३मध्ये ड्यूक एलिंग्टन, त्याच्या पुढच्याच वर्षी लुई आर्मस्ट्राँग. वय थोडे कमी असेल तर आठवण १९७८च्या पहिल्या ‘जॅझ यात्रे’ची असते: धोबीतलावचे रंगभवन, वर उघडे आभाळ आणि मंचावर सॅक्सोफोन घेतलेला सनी रॉलिन्स. कुठल्या रांगेत बसलो होतो, सोबत कोण होते, तिकिटासाठी कोणाकडे शब्द टाकला होता, सगळे तपशीलवार येते. मग सहज विचारावे, ‘त्या काळात ताजमध्ये रोज रात्री कोण वाजवायचे?’ इथे उत्तर आखडते. ‘गोव्याची मंडळी असायची. छान वाजवायची.’ बस्स.

मिकी कोरिया १९३९पासून जवळजवळ दोन दशके ताजच्या बँडचे प्रमुख होते. आर्मस्ट्राँग यांच्या वाट्याला मुंबईतल्या मोजक्या रात्री आल्या, कोरियांच्या वाट्याला हजारो. आठवणींची वाटणी मात्र नेमकी उलटी झाली आहे. मुंबईच्या जॅझचा अभ्यास म्हणजे, माझ्या मते, ही वाटणी पुन्हा मांडण्याचे काम. ते करायला कोणी नवा माणूस येत असेल तर त्याला या, बसा म्हणावे, कुठे पाय घसरतो ते सांगावे, एवढ्याचसाठी ही प्रस्तावना.

जिव्हाळ्याच्या आठवणींना इतिहासाचे अभ्यासक सहसा नाक मुरडतात. त्यांचे चुकत नाही. माणूस आपल्या तारुण्याची आठवण सांगताना त्या काळातल्या संगीताला आपल्या तारुण्याचे गुण बहाल करून टाकतो. पण या विषयात नाक मुरडून भागत नाही, कारण दुसरा पुरावा फार थोडा आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटे मावत. क्रिकेट स्मिथ यांच्या बँडने १९३६ साली मुंबईत रेक्स छापाच्या काही तबकड्या केल्या, त्यांत ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ ही हॉटेलच्याच नावाची चीज आहे. ती ऐकली की बँडचा कस कळतो, रात्र कळत नाही. नाच रंगात आल्यावर तीच चीज किती लांबत असे, ट्रंपेटवाला तिसऱ्यांदा उभा राहिला तेव्हा त्याने काय केले, हे कोणत्याही तबकडीत नाही. हॉटेलांनी आपल्या बँडचे ध्वनिमुद्रण जपावे असे कोणाच्या मनातही आले नसेल. मेजवानीतल्या पदार्थांइतकेच ते संगीत त्याच रात्रीपुरते होते.

तेव्हा आठवण हेच इथले मुख्य दप्तर. ते वाचायला मात्र शिकावे लागते.

आधी थोडा पूर्वेतिहास. मुंबईतल्या हॉटेलांत नाचासाठी वाद्यवृंद आधीपासून होते, केन मॅक यांच्यासारख्या अँग्लो-इंडियन बँडप्रमुखांचे नावही होते. पण १९३५च्या हिवाळ्यात मिनेसोटाचे व्हायोलिनवादक लिऑन अॅबी आठ जणांचा आफ्रिकन-अमेरिकन बँड घेऊन ताजमध्ये आले आणि इथल्या वादकांचे कान बदलले. त्यांच्या पाठोपाठ क्रिकेट स्मिथ. हा माणूस पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर न्यूयॉर्कमध्ये जेम्स रीझ युरोप यांच्या वाद्यवृंदात कॉर्नेट वाजवत होता, म्हणजे जॅझ हे नाव रूढ होण्याआधीच्या पिढीचा. आणि मग पियानोवादक टेडी वेदरफोर्ड. १९२६ साली शिकागोत अर्स्किन टेट यांच्या वाद्यवृंदातर्फे ते आणि तरुण आर्मस्ट्राँग एकाच तबकडीवर वाजले. त्यानंतर वेदरफोर्ड पूर्वेकडे निघाले ते शांघाय, मुंबई, कोलकाता असे इकडेच रमले. १९४५मध्ये कॉलऱ्याने कोलकात्यातच त्यांचा अंत झाला, तेव्हा त्यांनी चाळिशी नुकतीच ओलांडली होती. अमेरिकेतल्या जॅझच्या इतिहासांत त्यांना फार तर एखादा परिच्छेद मिळतो. आपल्याकडे त्यांच्यावर स्वतंत्र ग्रंथ व्हायला हवा.

वेदरफोर्ड यांचे महत्त्व त्यांच्या पियानोइतकेच त्यांच्या बँडच्या खुर्च्यांत आहे. त्या खुर्च्यांवर या भागातले वादक बसू लागले. नेपाळी वंशाचे ट्रंपेटवादक जॉर्ज बँक्स त्यांच्यासोबत वाजवत. त्यांनी मुलाचे नाव आर्मस्ट्राँगवरून ठेवले, आणि तो मुलगा, दार्जिलिंगचा लुई बँक्स, पुढे कोलकात्याच्या ब्लू फॉक्समधून मुंबईला येऊन जॅझ यात्रेचा एक खांब झाला. शिकागोपासून रंगभवनापर्यंतचा धागा असा दोन पिढ्यांत हाताला लागतो. इतका सरळ धागा अभ्यासकाला क्वचितच मिळतो, तेव्हा त्याच्यावर फार विसंबूही नये.

कारण मुख्य प्रवाह गोव्यातून आला. पोर्तुगीज राजवटीत चर्चला जोडलेल्या गावोगावच्या शाळांत मुलांना स्वरलिपी, सॉल्फेज आणि व्हायोलिन शिकवले जाई. शिकवणारा ‘मेस्त’ कडक असे. आधी स्वर वाचून गाता आले पाहिजेत, मग वाद्याला हात. चर्चमधल्या प्रार्थनासंगीतासाठी दिलेले हे शिक्षण पोटापाण्यासाठी मुंबईला निघालेल्या तरुणाच्या कामी आले. आपल्या अभिजात संगीताची सारी परंपरा कानातून कानात जाणारी. कागद समोर ठेवला की तो न अडखळता वाजवणारा माणूस ब्रिटिशांच्या मुंबईत हवा होता, आणि तो गोव्यात तयार मिळत होता. धोबीतलाव परिसरात गावागावांच्या ‘कुडी’ होत्या. थोड्या भाड्यात खाट, ट्रंक ठेवायला जागा आणि संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. एका कुडीत बोटीवरचा खलाशी, शेजारी हॉटेलातला आचारी, पलीकडे सॅक्सोफोनवाला. जेर महालाच्या आसपास काम मिळे, वाद्यांसाठी फुर्टाडोंचे दुकान जवळच. हा सगळा व्याप चालत पाच-दहा मिनिटांत पुरा होणारा.

या मंडळींची नावे हा नवख्या संशोधकाला पहिला चकवा. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ म्हणजे चिक चॉकलेट. पारशी कुटुंबातले कावसजी खटाव म्हणजे टेनर सॅक्सोफोनवाले रूडी कॉटन. मडगावचे क्रिस्तोव्हाम परेरा ते ख्रिस पेरी. हॉटेलच्या जाहिरातीत एक नाव, चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत दुसरे, चित्रपटाच्या श्रेयनामावलीत तिसरे किंवा काहीच नाही. ज्या अभ्यासकाने ही तिन्ही नावे एका ओळीत लिहून काढली त्याने निम्मे काम केले असे समजावे. जाता जाता एक गंमत: एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदात टेनर सॅक्सोफोनवर पॉल गोन्साल्व्हिस होते, मॅसॅच्युसेट्समध्ये वाढलेले, मूळचे केप व्हर्दी घराण्यातले. मुंबईच्या चित्रपटसंगीतात माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्व्हिस, जॅझमध्ये न्योऱ्याचे ब्राझ गोन्साल्व्हिस. तिघांचे रक्ताचे नाते नाही, पण एकाच साम्राज्याने वाटलेले आडनाव घेऊन ते एकाच संगीताच्या आसपास पोचले.

चिक चॉकलेट यांना लोक ‘भारताचा आर्मस्ट्राँग’ म्हणत. ट्रंपेट तशीच, गळ्यातली घरघर तशीच, हातातला रुमालही तसाच, असे सांगणारे अजून भेटतात. ही बिरुदावली प्रेमाने दिलेली होती यात शंका नाही, पण तिने त्यांचे नुकसान केले असे मला वाटते. तबकडीवरून उचलणे ही त्या काळच्या वादकांची तालीमच होती. गुरू सातासमुद्रापार, मग त्याच्या ध्वनिमुद्रणासमोर बसायचे आणि सुई पुन्हा पुन्हा मागे न्यायची. आपल्याकडे गुरूची नक्कल करत शिकणाऱ्याला कोणी नकलाकार म्हणत नाही. चिक यांना मात्र त्या एका उपमेत कायमचे बसवून टाकले. त्यांचे स्वतःचे काय होते हे ऐकायचे तर हॉटेलातून बाहेर पडून चित्रपटगृहात शिरावे लागते.

चित्रपटाकडे वळण्यामागे दारूबंदी होती असे सगळे सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९चा. बारची कमाई गेली की हॉटेलवाल्याला दहा-बारा जणांचा बँड जड होतो, मग तो पाच जणांवर येतो. इंग्रज आणि संस्थानिक हे गिऱ्हाईक त्याआधीच पांगले होते. पण कारण एकच धरले की चित्र सपाट होते. चित्रपटांचे स्टुडिओ या वादकांना चाळिशीच्या दशकातच बोलावू लागले होते, आणि पुढेही बरेच जण दोन्हीकडे पाय ठेवून होते: दिवसा ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये किंवा महालक्ष्मीच्या फेमसमध्ये ध्वनिमुद्रण, रात्री हॉटेल. दारूबंदीने ओढा वाढवला, प्रवाह मात्र तिने सुरू केला नाही.

आणि इथे मराठी वाचकाचा खरा संबंध येतो. पुणतांब्यात जन्मलेले रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांनी या वादकांना जवळ केले. चिक चॉकलेट त्यांच्या सोबतीला होते. १९५१च्या ‘अलबेला’त तर चिक आणि त्यांचा बँड पडद्यावरच दिसतो, झालरीच्या बाह्या घालून, भगवानदादांच्या नाचामागे. ‘आशा’तल्या (१९५७) ‘ईना मीना डीका’च्या जन्माची कथा प्रसिद्ध आहे: मुले खेळताना म्हणत होती त्या मोजणीच्या इंग्रजी बडबडगाण्याला गोव्याचे वादक जॉन गोम्स यांनी कोंकणीची फोडणी दिली, असे सांगतात. कथा शंभर टक्के खरी असो नसो, ती ज्या खोलीत घडू शकते ती खोली खरी आहे. मराठी संगीतकार, गोव्याचे वादक आणि बाहेर इंग्रजीत खेळणारी मुंबईची पोरे. १९६६च्या ‘आखरी खत’मध्ये खय्याम यांच्या एका गाण्यात तरुण भूपिंदर पडद्यावर गातात आणि ट्रंपेट घेऊन चिक उभे असतात. पुढच्याच वर्षी ते गेले. त्यांना हलताना-वाजवताना पाहायचे असेल तर ही दोन दृश्ये पुरून उरतील.

म्हणून हिंदी चित्रपटगीते हा जॅझच्या अभ्यासकाने जपून वापरायचा दस्तऐवज आहे. जपून यासाठी, की ते जॅझ नव्हे. गाण्याच्या दोन कडव्यांमधल्या आठ-दहा सेकंदांत ट्रंपेट किंवा सॅक्सोफोन येतो, आणि तोही बहुधा लिहून दिलेला. पण तो लिहिणारा हात कोणाचा? लाहोरच्या स्टिफल्स हॉटेलात फाळणीआधी बँड चालवणारे सेबॅस्टियन डिसोझा पुढे शंकर-जयकिशन यांचे संयोजक झाले. श्रेयनामावलीत असा माणूस ‘सहायक’ असतो. ज्याने व्हायोलिनांची प्रतिचाल रचली, कोणते वाद्य कुठे शिरेल ते ठरवले, तो सहायक! याबद्दल रागावण्यात वेळ घालवू नये. त्यापेक्षा ध्वनिमुद्रिका पुन्हा ऐकावी. शंकर-जयकिशन यांच्या नावाची ‘रागा जॅझ स्टाइल’ ही १९६८ची तबकडी त्यासाठी चांगली: अकरा राग, रईस खाँ यांची सतार, मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन, ल्युसिला पाशेको यांचा पियानो, लेस्ली गुदिन्हो यांचे ड्रम. राग आणि जॅझ दोघांनीही इथे थोडी माघार घेतली आहे, हे खरे. पण एरवी गाण्यामागे लपलेले हे वादक इथे समोर आहेत.

आता कान कसे लावायचे याबद्दल थोडे. ख्याल ऐकणाऱ्याला जॅझ परके वाटण्याचे कारण नाही. ठेक्याचे आवर्तन आपल्याला ठाऊक आहे. इथे त्यासोबत स्वरसंघांची, म्हणजे कॉर्डची, ठरलेली मालिकाही फिरत असते. ब्लूजमध्ये ती बारा बारची, म्हणजे चार-चार ठोक्यांच्या बारा घरांची. त्या काळच्या अमेरिकी गाण्यांत बहुधा बत्तीस बारची: आठ-आठ बारच्या चार ओळी, पहिली, दुसरी, चौथी एका चालीची, तिसरी वेगळी. आधी सगळे मिळून चाल मांडतात, मग एकेक जण त्या फिरत्या मालिकेवर आपले काही रचतो, शेवटी सगळे चालीवर येतात. टाळी धरायची ती दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर. समेवर टाळी देण्याची आपली सवय इथे आड येते, पण दोन-चार चिजांत ती सुटते. ड्रमवाल्याची उजव्या हाताची झांज ऐकत राहावे. तिच्यातला तो किंचित लंगडा, पुढे ओढणारा झोक म्हणजे स्विंग. तो कागदावर लिहिता येत नाही, आणि म्हणूनच मेस्ताकडे कितीही पक्के शिकलेला मुलगा मुंबईत येऊन पुन्हा शिकत असे.

हे ध्यानात आले की आठवणींचाही एक गुण कळतो. श्रोत्याला चाल आठवते, वादकाला मधला भाग. श्रोता म्हणतो, काय सुंदर गाणे होते! वादक म्हणतो, त्या रात्री ड्रमवर कोण बसले होते माहीत आहे? एकाला दुसऱ्याचे प्रश्न विचारून उपयोग नसतो.

पाहुण्यांकडे परत येऊ, कारण त्यांच्या भेटींनाही एक मागची बाजू आहे. ब्रुबेक, जॅक टीगार्डन, एलिंग्टन यांना अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने पाठवले होते. शीतयुद्धाचे दिवस, नव्या स्वतंत्र देशांना आपल्या बाजूला ओढायला अमेरिका आपले सर्वांत मोकळे संगीत पाठवत होती, आणि त्याच वेळी त्या संगीताच्या काळ्या कलावंतांना स्वतःच्या देशात अनेक ठिकाणी मागच्या दाराने जावे लागत होते. ब्रुबेक मुंबईत अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्या सतारीसोबत बसले, मद्रासला त्यांचे ड्रमवादक ज्यो मोरेलो मृदंगमच्या नादी लागले, आणि घरी परतून ब्रुबेक यांनी ‘जॅझ इम्प्रेशन्स ऑफ युरेशिया’ ही तबकडी केली. एलिंग्टन यांचा दौरा १९६३च्या नोव्हेंबरात केनेडींच्या हत्येमुळे अर्धवट थांबला, पण त्यातून ‘फार ईस्ट स्वीट’ निघाली. दिल्लीत त्यांचे सहकारी बिली स्ट्रेहॉर्न यांनी ऐकलेल्या साळुंकीचा स्वर तिच्यात आहे. म्हणजे पाहुण्याची भेट दोन्ही टोकांना नोंदली गेली: इथल्या वर्तमानपत्रांत आणि तिथल्या तबकडीत. घरच्या बँडला हे भाग्य नव्हते. लोकांची स्मृती कृतघ्न आहे असे म्हणण्याआधी एवढे लक्षात घ्यावे की, ज्याची आठवण ताजी करायला साधन असते तेच आठवते.

एक पाहुणा तर असा, की तो आधी येऊन राहून गेला होता. सनी रॉलिन्स १९६०च्या दशकाच्या अखेरीस पवईला स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात योग शिकत होते. रंगभवनात त्यांना ऐकणाऱ्या किती जणांना हे ठाऊक होते, कोण जाणे.

रोज कानावर पडणारे जॅझ दुसऱ्या वाटेने येत होते. १९५५पासून विलिस कॉनोव्हर यांचा कार्यक्रम व्हॉइस ऑफ अमेरिकेवरून लघुलहरींवर रात्री लागे. कॉनोव्हर संथ, तोडून तोडून बोलत, म्हणजे इंग्रजी कच्चे असलेल्यालाही नावे टिपून घेता येत. त्याच दशकाच्या सुरुवातीला निरंजन झवेरी आणि त्यांच्या मित्रांनी ‘ब्लू ऱ्हिदम’ नावाचे जॅझचे नियतकालिक मुंबईत काढले. ते फार चालले नाही, पण याच झवेरींनी पुढे ‘जॅझ इंडिया’ ही संस्था उभी करून जॅझ यात्रा भरवली. हौशी माणसाची चिकाटी किती काम करते याचे दुसरे असे उदाहरण मुंबईच्या संगीतात मला पटकन सुचत नाही.

साठीच्या दशकातली संध्याकाळ चर्चगेटला होती. आजच्या वीर नरिमन रोडवर आणि त्याच्या आसपास गेलॉर्ड, बॉम्बेलीज, अँबॅसिडरमधली ‘द अदर रूम’, रिट्झमधले ‘लिटल हट’, आणि अॅस्टोरिया हॉटेलातले ‘व्हेनिस’. व्हेनिसला ख्रिस पेरी यांचा बँड असे, गायला लॉर्ना कोर्देरो. खऱ्या जॅझवाल्यांची ती जागा, असे वादकच सांगत. ‘जॅम सेशन’ या शब्दाला मात्र मुंबईने आपला अर्थ दिला होता: रविवारी सकाळी किंवा दुपारी कॉफी-सरबतावर कॉलेजच्या पोरापोरींचा नाच. जुनी मंडळी ‘आम्ही दर रविवारी जॅम सेशनला जायचो’ म्हणतात तेव्हा नवख्याने वादकांच्या रात्रभरच्या जुगलबंद्या डोळ्यांपुढे आणू नयेत.

या जागांत जात कोण होते? पारशी, गोवेकर, अँग्लो-इंडियन, ज्यू, शिकलेले गुजराती-सिंधी व्यापारी. गिरगाव धोबीतलावपासून हाकेच्या अंतरावर, पण गिरगावच्या चाळीतला मराठी माणूस त्या दारांतून क्वचितच आत गेला. पैसे हे एक कारण, पोशाख आणि इंग्रजी हे दुसरे. त्याच्यापर्यंत ट्रंपेट आली ती सिनेमातून. त्यामुळे मराठीत या विषयावर लिहिलेले फार थोडे आहे, सी. रामचंद्रांचे ‘माझ्या जीवनाची सरगम’ हा ठळक अपवाद. कोंकणीचे तसे नाही. ट्रंपेटवादक फ्रँक फर्नांड यांनी १९४६मध्ये मसुरीला गांधीजींना पाहिले, आणि आपल्या वाजवण्यात आपल्या मातीचे काही हवे असा ध्यास घेतला. पुढे ‘आमचें नशीब’ (१९६३) आणि ‘निर्मोण’ (१९६६) हे कोंकणी चित्रपट त्यांनी काढले. पेरी आणि लॉर्ना यांनी नाइटक्लबचा पितळी आवाज कोंकणी गाण्यात आणला, तो आजही गोव्याच्या लग्नांत वाजतो. हॉटेलाबाहेर टिकलेले जॅझ शोधायचे तर या गाण्यांपासून सुरुवात करावी असे माझे मत आहे. जॅझचे शुद्धतावादी यावर भुवया उंचावतील. खुशाल उंचावोत.

स्त्रियांबद्दल आठवणी विशेष अविश्वसनीय आहेत. गायिकांचे कपडे सर्वांना आठवतात. पाशेको यांच्यासारखी स्त्री स्टुडिओत पुरुषांच्या बरोबरीने कागद वाचून पियानो वाजवत होती, हे विचारल्याखेरीज कोणी सांगत नाही. आशा पुथली यांचे नाव आज निघते, कारण त्या मुंबई सोडून गेल्या आणि १९७१ साली ऑर्नेट कोलमन यांच्या ‘सायन्स फिक्शन’मध्ये गायल्या. गिटारवादक अमान्सिओ डिसिल्व्हा यांचेही तसेच: लंडनला गेल्यावर १९६९मध्ये ‘इंटिग्रेशन’ आणि ज्यो हॅरियट यांच्यासोबत ‘हम दोनो’ अशा तबकड्या निघाल्या, आणि नाव राहिले. जे इथेच राहिले त्यांतल्या बहुतेकांच्या नावाची तबकडीच निघाली नाही.

वाचायला काय घ्यावे? वेद मेहता यांच्या ‘पोर्ट्रेट ऑफ इंडिया’त साठीच्या दशकातल्या मुंबईच्या जॅझचे, त्यात तरुण पुथलींचेही, चित्र आहे; चिमटे काढत लिहिलेले, पण डोळे उघडे ठेवून. वॉरन पिंकनी यांचा १९९०च्या आसपासचा दीर्घ लेख हा विद्यापीठीय शिस्तीतला आरंभ. ग्रेगरी बूथ यांच्या ‘बिहाइंड द कर्टन’मध्ये (२००८) चित्रपटांच्या वादकांच्या मुलाखतींचा एवढा साठा आहे की तो एका बैठकीत वाचू नये, नावांचा गुंता होतो. नरेश फर्नांडिस यांचे ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ सर्वांत वाचनीय. शहर आणि संगीत एकत्र पाहण्याची दृष्टी त्यात आहे, आणि सोबत जुन्या ध्वनिमुद्रणांची सीडीही निघाली. कोलकात्याच्या बाजूने सुशील कुरियन यांचा ‘फाइंडिंग कार्लटन’ हा गिटारवादक कार्लटन किटो यांच्यावरचा माहितीपट पाहावा. यांतले एकही मराठीत नाही.

आणि मग घराबाहेर पडावे. वृद्ध श्रोत्याला साल विचारू नये. तो सांगेल आणि ते बहुधा चुकेल. ‘ट्राम चालू होती का?’ असे विचारावे. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ला धावली, तेव्हा एका उत्तरात प्रसंग अलीकडे की पलीकडे ते कळते. परवान्याशिवाय दारू मिळत होती का, गोवा मुक्त झाला होता का, तुमचे लग्न झाले होते का, हे प्रश्नही तसेच. कार्यक्रम कुठे झाला यावर विश्वास ठेवायला हरकत नाही, जागा सहसा चुकत नाहीत. मंचावर कोण कोण होते यावर मात्र ठेवू नये, कारण नंतर प्रसिद्ध झालेला वादक आठवणीतल्या प्रत्येक बँडमध्ये शिरून बसतो. रंगभवनाची आठवण सांगणारे तिथल्या मोकळ्या हवेबद्दल बोलतात. शेजारी रुग्णालय आणि कॉलेज, त्यामुळे पुढे शांतता क्षेत्राच्या नियमात तिथले कार्यक्रमच थांबले, हे त्यांना पुष्कळदा आठवून द्यावे लागते.

वादकांची पिढी आता जवळजवळ संपली. त्यांची मुले वांद्र्यात, वसईत, गोव्यात, लंडनला, टोरंटोला आहेत. त्यांच्या माळ्यांवर काय आहे याची कोणी यादी केलेली नाही: हाताने उतरवलेले ट्रंपेटचे भाग, हॉटेलचे करारपत्र, मागे शाईने नावे लिहिलेली बँडची छायाचित्रे, ध्वनिमुद्रणाचे पैसे मांडलेल्या डायऱ्या. त्या डायऱ्या बहुधा आईच्या अक्षरात असतात. अशा घरी गेल्यावर ‘तुमचे वडील कसे वाजवत?’ हा प्रश्न मागे ठेवावा, त्याचे उत्तर सर्वत्र एकच मिळते. ‘संध्याकाळी ते घरातून किती वाजता निघत?’ असे विचारावे. मग बाकीचे ओघाने येते: स्टुडिओतली पाळी केव्हा सुटायची, काळा कोट कोण इस्त्री करायचे, डबल बास लोकलच्या मालडब्यात कसा चढवायचे, आणि शेवटची गाडी चुकली तर धोबीतलावच्या कोणत्या कुडीत पाठ टेकायचे.